निरोपाचा खेळ

मंडळी, मूल १३-१४ वर्षांचे झाले, की घरात एक बदल दिसतो. काल-परवापर्यंत आईचा पदर धरून बोलणारे मूल विचाराल तेवढेच बोलू लागते. "जेवलास का?" "हो." "शाळा कशी झाली?" "बरी." पुढे गाडी सरकत नाही. पण त्याच मुलाच्या हाती मोबाईल द्या. बोटे कशी भराभर चालतात! मग आपणही त्याच वाटेने त्याच्याकडे का जाऊ नये? या पाठात ती वाट आपण पाहू.

आधी आम्ही आमची चूक सांगतो. आमचा सारा जन्म शाळेत गेला. १९९६ साली आमचा मुलगा १३ वर्षांचा होता. शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहत होता. दर आठवड्याला त्याचे पत्र येई. पोर मन लावून लिही. सोबत्यांच्या गमती, विहिरीतले पोहणे, आमटीतले पाणी, सारे त्यात असे. आणि आम्ही काय करावे? तांबड्या शाईने चुका दुरुस्त करून तेच पत्र त्याला परत धाडावे! 'आणी' नव्हे, 'आणि'. 'मि' नव्हे, 'मी'. आम्हांला वाटे, आपण कर्तव्य केले. हळूहळू पत्रे आखूड झाली. शेवटी दोनच ओळी येऊ लागल्या. 'मी ठीक आहे. पैसे पाठवा.' त्यात एकही चूक नसे.

पुढे मुलगा शिकला, नोकरीला लागला. आमचा मान ठेवतो. पण मनातले सांगत नाही.

आता त्याची मुलगी १४ वर्षांची आहे. ती शहरात, आम्ही गावी. मागल्या वर्षी तिने आमच्या मोबाईलवर तीन चित्रे पाठवली : माकड, हात आणि जाळ. खाली लिहिले, 'आजोबा, ओळखा!' आम्ही दुपारभर डोके खाजवले. शेवटी स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, माकडाच्या हाती कोलीत!" जन्मभर म्हणी शिकवल्या आम्ही, अन् उत्तर सांगितलं त्यांनी! तेव्हापासून आमचा रोजचा खेळ सुरू झाला.

असे खेळ तुम्हांलाही खेळता येतील.

१. चित्रांची म्हण. मोबाईलच्या अक्षरपाटीवर लहान लहान चित्रे असतात. त्यांतून म्हण तयार करा. उंदीर, मांजर आणि वर केलेला हात पाठवा. उत्तर : उंदराला मांजर साक्ष.

२. शब्दांच्या भेंड्या. तुम्ही लिहा 'बाजार'. मूल लिहील 'रस्सा'. तुम्ही लिहा 'साखर'. एका निरोपात एकच शब्द. नव्याने लिहायला शिकलेल्यांना हा खेळ फार सोपा.

३. कोडे. सकाळी कोडे घाला, उत्तर संध्याकाळी मागा. 'अंग दगडाचे, दाणे खाते, पीठ ओकते. सांग कोण?' उत्तर : जाते. शहरात वाढलेल्या मुलाला ते ठाऊक नसेल. मग जाते कसे असते ते सांगा. बोलायला विषय मिळाला की नाही?

४. तुकड्याचा फोटो. तव्याची कड, कणसाचे चार दाणे, लुगड्याचा काठ, असा जवळून फोटो काढा. विचारा, 'हे काय?'

साध्या मेसेजची एक गोष्ट ध्यानात ठेवा. असा पहिला मेसेज ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. एका साध्या मेसेजात इंग्रजी अक्षरे १६० मावतात. देवनागरीत ७० चिन्हे मावतात, आणि काना-वेलांटीही त्यात मोजली जाते. म्हणजे दोन ओळींचाच मामला. दोन ओळींत खेळ होतो, व्याख्यान होत नाही. व्हॉट्सॲपवर जागा पुष्कळ असते, पण तिथेही दोनच ओळी लिहाव्यात.

खेळाला नियम हवेत. ते असे :

शाळेच्या वेळी निरोप पाठवू नये. उत्तर आले नाही तर पाठोपाठ फोन करू नये. मुलालाही त्याची कामे असतात. खेळात गुणांची चौकशी घुसडू नये, नाहीतर मूल म्हणेल, कोडे हे नुसते निमित्त होते. मुलाचा निरोप चारचौघांच्या गटात दाखवू नये. लिहिलेल्या शब्दांत आपला आवाज ऐकू येत नाही. आपली थट्टा त्याला टोमणा वाटू शकते. म्हणून रागाची गोष्ट लिहू नये, समोरासमोर बोलावी.

आणि मुलाने दुःखाचे काही लिहिले, तर खेळ तिथेच थांबवावा. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

एका संध्याकाळी नातीने लिहिले, 'आजोबा, आज खेळ नको. मी गणितात नापास झाले आणी बाबांना अजून सांगितलं नाही.' तो 'आणी' दिसताच आमचे बोट शिवशिवले. जुनी खोड! पण आम्ही तो तसाच राहू दिला आणि लगेच फोन लावला. ती आधी रडली, मग बोलली. म्हणाली, "बाबा आधी चूकच काढतात." आम्ही गप्प झालो. तिचे बाबा हे कुणाकडून शिकले, ते आम्हांला ठाऊक होते. आम्ही एवढेच म्हणालो, "आम्हांला सांगितलंस, बरं केलंस. पण बाबांनाही तूच सांग. आणि आधी जेव." दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच बापाला सांगितले.

दिवाळीला मुलगा गावी आला. आम्ही त्याला म्हटले, "तुझी पत्रं दुरुस्त करून धाडली, तिथे आम्ही चुकलो." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, अजूनही 'आणि' लिहिताना माझा हात थांबतो." त्या रात्री आम्ही बापलेक ओसरीवर उशिरापर्यंत बोलत बसलो होतो.

आता तोही मुलीला रोज एक कोडे पाठवतो. परवाचे कोडे तिने आम्हांलाही घातले : थेंब, थेंब आणि तळे. सौभाग्यवतींनी सांगण्याआधी आम्ही ते ओळखले!

मंडळी, तुम्ही नुकतेच लिहायला शिकलात. चूक होईल, मूल हसेल, अशी भीती वाटते ना? हसले तर हसू द्या. हसता हसता ते तुम्हांला बरोबर कसे लिहायचे ते दाखवील, आणि तेवढा वेळ तुमच्याजवळ बसेल. तुम्ही मात्र त्याच्या चुका मोजू नका. शुद्धलेखन वहीत सुधारावे. निरोप आला, की उत्तर द्यावे.

आज हे करा
१. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण वहीत लिहा.
२. तुम्हांला येणारी एक म्हण चित्रांत मांडा.
३. ती आपल्या मुलाला किंवा मुलीला पाठवा. खाली एकच शब्द स्वतः टाइप करा : 'ओळख!'