डिश बसवू की नेटवरच भागवू?

अगं, तुझा मेसेज वाचला. मे महिन्यात तुझे सासू-सासरे येतायत, सहा महिने राहणार आहेत, आणि त्यांच्या टीव्हीसाठी बाल्कनीत डिश बसवावी की नेटवर भागवावं, असं तू विचारलंयस. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको: तुझ्या घराला नेटच बरं. पण नुसतं ताई म्हणाली म्हणून घेऊ नकोस. टीव्ही बघणार ते दोघं, तेही तुम्ही ऑफिसला गेल्यावर, परक्या गावातल्या रिकाम्या घरात. तिथे काय चालतं आणि कुठे अडतं, हे तुला नीट ठाऊक हवं.

आधी सासऱ्यांचा तो बेत. पुण्याच्या घरचा टाटा प्लेचा बॉक्स आणि डिश बॅगेत घालून आणतो, असं ते म्हणतायत ना? त्यांना आजच फोन करून सांग, की बाबा, ते आणू नका, त्या वजनात मेतकूट आणि गोडा मसाला येऊ दे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून डिश एकदा रोखली की हलवावी लागत नाही. टाटा प्लेचे उपग्रह आहेत ८३ अंश पूर्व रेखांशावर. तू न्यू जर्सीत, म्हणजे साधारण ७४ अंश पश्चिमेला. तुझ्या घरावरून बघितलं तर ते उपग्रह क्षितिजाच्या खाली, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहेत. दूरदर्शनची फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेला, तिचीही तीच गत. केवढीही मोठी थाळी लावली तरी काही दिसायचं नाही. भारतातली डिश परदेशातही चालते, हा समज येतो तो आखातातून. मस्कत-दुबईवरून भारताचे उपग्रह आकाशात वर असतात, त्यामुळे तिकडच्या आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं मोठ्या डिश लावून भारतातलंच कनेक्शन चालवलं, रिचार्ज मुंबईतला भाऊ करायचा. परवाना भारतापुरता, पण चित्र दिसायचं. इथे तेही नाही.

म्हणजे इथे डिश म्हणजे अमेरिकन कंपनीचीच. डिश नेटवर्ककडे भारतीय भाषांचे पॅक आहेत, मराठीचाही. माणूस येऊन बसवून देतो, रिमोटवर आकडा दाबला की चॅनेल लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांना हे फार सोपं जातं, हे मी मान्य करते. पण डिशचा करार साधारण दोन वर्षांचा असतो आणि मध्येच सोडलं तर उरलेल्या प्रत्येक महिन्याचा भुर्दंड बसतो. सासू-सासरे नोव्हेंबरात परत जाणार. पुढचं दीड वर्ष तुम्ही दोघं रात्री नऊला घरी येऊन हप्ते भरत बसणार का?

आणि बाल्कनी कुठल्या दिशेला आहे, हे तू लिहिलंच नाहीस. आपण उत्तर गोलार्धात, उपग्रह विषुववृत्तावर, म्हणून डिशला दक्षिणेकडे मोकळं आकाश लागतं. उत्तरेची बाल्कनी असेल तर विषय तिथेच संपला. दक्षिणेची असेल तर समोरच्या झाडांकडे बघ. मार्चमध्ये माणूस येतो, मेपलच्या काड्या-काड्या असतात, मधून सिग्नल बिनधोक येतो, तो मीटर बघून खूश होऊन जातो. मेच्या मध्यावर पानं भरतात आणि चित्राचे चौकोन-चौकोन व्हायला लागतात. मग कंपनीला फोन, परत माणूस, आणि तो सांगतो की झाड तोडा. भाड्याच्या घरात झाड तोडणार कोण? तुझे सासू-सासरे नेमके पानांच्या दिवसांत येतायत, म्हणून हे मुद्दाम सांगते. जोराच्या पावसातही तसंच होतं, पण ते तासाभरात निवळतं. पानं ऑक्टोबरपर्यंत हलत नाहीत.

बिल्डिंगवाला डिश लावू देणार नाही, ही भीती मात्र मनातून काढून टाक. अमेरिकेत १९९९ पासून नियम आहे: एक मीटरपर्यंतची डिश भाडेकरू आपल्या ताब्यातल्या बाल्कनीत ठेवू शकतो. फक्त ती कठड्याबाहेर जाता कामा नये, आणि बाहेरच्या भिंतीला भोकं पाडायला मालक मनाई करू शकतो. सार्वजनिक गच्चीवर तुझा हक्क नाही. युरोपात यावरून माणसांना केवढं सोसावं लागलंय! स्टॉकहोमजवळच्या रिंकेबीत एका इराकी वंशाच्या कुटुंबाने अरबी आणि फारसी कार्यक्रमांसाठी डिश लावली, मालकाने हरकत घेतली, आणि प्रकरण इतकं गेलं की मुलाबाळांसकट त्यांना घर सोडावं लागलं. शेवटी २००८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या मूळ देशाच्या बातम्याच नव्हे, तिथली संस्कृती आणि करमणूकही मिळण्याचा माणसाला हक्क आहे, असं न्यायालयाने मानलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. कुणी तुला म्हणालं ना, की एवढं काय त्या मालिकांचं, तर हे मनात ठेव.

डिश कुणी घ्यावी? ज्यांचं स्वतःचं घर आहे, आईवडील कायमचे राहायला आलेत, आणि गाव इतकं आडबाजूला की नेट रडतखडत चालतं, त्यांनी खुशाल घ्यावी. स्टारलिंकची थाळी दिसायला डिशसारखी असली तरी ती नेट आणते, टीव्ही नाही. म्हणजे ती असेल तर ते घरही नेटच्याच बाजूचं.

आता नेटचं बोलू, कारण तिथेही डोळे झाकून जायचं नाही.

सगळ्यात मोठी अडचण हक्कांची. भारतात ज्या ॲपवर मालिका दिसते, त्या ॲपला अमेरिकेत ती दाखवायचा हक्क असेलच असं नाही. हक्क देशागणिक वेगळे विकले जातात. पुण्यात भरलेली वर्गणी इथे चालेल, असंही धरून चालू नकोस. शिवाय हे बदलत राहतं. झी ५ अमेरिकेत आलं २०२१ च्या जूनमध्ये. हॉटस्टार इथे होतं, ते २०२२ च्या अखेरीस बंद करून त्यातलं बरंचसं हुलूवर नेलं, आणि ज्यांच्या घरी रोज संध्याकाळी तेच लागायचं त्यांची पार पंचाईत झाली. म्हणून माझं एक ऐक: वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस, कितीही सवलत दाखवू देत. महिन्या-महिन्याने भर. स्लिंग ही डिश नेटवर्कचीच नेटवरची बहीण, तिच्याकडे भारतीय भाषांचे पॅक महिन्याच्या बोलीवर मिळतात. सासू-सासरे विमानात बसले की बंद करता येतं.

पण पॅक घेण्याआधी सासूबाईंना विचार, रोज कुठल्या मालिका बघता आणि त्या कुठल्या चॅनेलवर लागतात? आपण 'मराठी चॅनेल' म्हणून मोकळे होतो, त्यांच्या लेखी झी मराठी वेगळं, स्टार प्रवाह वेगळं, कलर्स मराठी वेगळं. ज्या मालिकेची नायिका त्यांना घरातल्या मुलीसारखी झालीय, तीच नेमकी त्या पॅकमध्ये नसेल तर बाकीची दहा चॅनेलं काय कामाची? यादी हातात घे, कंपनीकडून पॅकमधल्या चॅनेलांची नावं लेखी मागव, आणि ताडून बघ. नवरा म्हणेल कशाला एवढं. तू कर.

वेळेचं गणित तुझ्या पथ्यावर पडणारं आहे, हे इथे खूप आधी आलेल्या माझ्या मैत्रिणींच्याही लक्षात येत नाही. आपल्याकडची संध्याकाळी सात ते रात्री दहा ही मालिकांची वेळ न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेबारा येते. तुम्ही दोघं बाहेर पडता, घर शांत होतं, आणि बाहेर रस्त्यावर चालणारं कुणी दिसत नाही, तीच ही वेळ. त्या वेळी त्यांच्या सवयीची मालिका, सवयीच्या क्रमाने, तिकडे लागते तेव्हाच लागली, तर सासूबाई पुण्याच्या जावेशी फोनवर त्याच भागाबद्दल त्याच दिवशी बोलू शकतात. याची किंमत तुला आत्ता कळायची नाही. म्हणून साठवलेले भाग दाखवणाऱ्या ॲपवर समाधान मानू नकोस. थेट चॅनेल मिळतंय का बघ, आणि ते भारताच्याच वेळेला चालतं की अमेरिकेसाठी पुढे सरकवलेलं आहे, हेही विचार. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात, तेव्हा सगळं तासभर आधी येईल. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेव, नाहीतर मालिका चुकेल आणि बोलून दाखवणार नाहीत.

बातम्यांना पैसे घालवायची गरज नाही. एबीपी माझा, झी २४ तास यूट्यूबवर थेट चालू असतात. आणि बघ, या सहा महिन्यांत आषाढी येते. पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमाराला असते, म्हणजे तुझ्याकडे आदल्या दिवशी संध्याकाळचे पाच. त्या दिवशी लवकर घरी ये. सासरे वारीला जाऊन आलेले आहेत, त्यांच्या शेजारी बसून बघ. अनंत चतुर्दशीला लालबागच्या राजाची मिरवणूक सहसा दुसऱ्या सकाळी गिरगाव चौपाटीला पोचते, ती तुझ्याकडे रात्री झोपायच्या वेळेला दिसेल. डिशच्या पॅकमध्ये हे असेलच असं नाही.

तुमच्या नेटला महिन्याची मर्यादा आहे का, हेही बघ. चांगल्या चित्राला तासाला साधारण ३ जीबी लागतात. दिवसाला सहा तास टीव्ही धरला तर महिन्याला ५४० जीबी त्यातच गेले, वर तुमची ऑफिसची कामं. मर्यादा कमी असेल तर चित्राचा दर्जा एक पायरी खाली ठेव. मालिकेला काही फरक पडत नाही. क्रिकेटला पडतो, आणि क्रिकेटसाठी इथे विलो हे चॅनेल वेगळं घ्यावं लागतं. नेटवरचा सामना थोडा मागे चालतो, अर्धा मिनिट, कधी जास्त. सासऱ्यांना सांगून ठेव, की सामना चालू असताना कोल्हापूरच्या काकांचा फोन उचलू नका.

आता एक गोष्ट, ती मी तुला जरा दटावूनच सांगणार आहे. इंडियन स्टोअरच्या काउंटरवर किंवा ओळखीतून एक काळा बॉक्स मिळेल. एकदाच पैसे भरा, महिन्याला काही नाही, हजार चॅनेल. घेऊ नकोस. ते चोरलेलं प्रक्षेपण असतं. अशा बॉक्सवाल्यांवर इथे कोर्टात दावे झालेत, आणि एक दिवस सगळे पडदे काळे होतात, तेव्हा पैसे मागायला कुणी सापडत नाही. त्यात असल्या बॉक्सला घरच्या वायफायचा पासवर्ड द्यायचा, ज्यावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता! व्हीपीएन लावून भारतात असल्याचं भासवायचं, हाही मार्ग लोक सांगतील. ॲपच्या अटींत ते बसत नाही, कंपन्या ओळखून बंद करतात, आणि लॉगिनचा ओटीपी जातो सासऱ्यांच्या भारतातल्या सिमवर. ऑफिसातून तू काय करणार? दुबईच्या आपल्या मामेबहिणीला तर मी हे स्पष्टच बजावलंय, कारण अमिरातीत गुन्ह्यासाठी व्हीपीएन वापरला तर दंडच ५ लाख दिरहमपासून २० लाखांपर्यंत आहे. तिकडे टेलिफोन कंपन्यांच्याच नेट टीव्हीवर भारतीय चॅनेलं मिळतात, तेच घ्यावं.

राहिला रिमोट. सगळी धडपड इथे येऊन अडते, म्हणून यावर एक अख्खा रविवार दे. फायर स्टिक किंवा रोकू लावलं की घरात दोन रिमोट होतात, एक टीव्हीचा, एक स्टिकचा. टीव्हीचा रिमोट ड्रॉवरमध्ये ठेवून दे. स्टिकच्याच रिमोटने टीव्ही चालू-बंद आणि आवाज होईल असं सेटिंग कर. पहिल्या पडद्यावर फक्त दोन-तीन ॲप ठेव, मराठी चॅनेलवालं सगळ्यात आधी, बाकीची मागे ढकल. काही विकत घ्यायला पिन लाव. घराच्या चित्राच्या बटणावर लाल टिकली चिकटव, अगदी सासूबाईंच्या कपाळावरची असते ना, तीच. काहीही बिघडलं की लाल टिकली दाबायची, एवढं एकच शिकव. आणि 'नो सिग्नल' असं दिसलं तर टीव्ही बिघडलेला नाही, फक्त टीव्हीवरचं इनपुट बदललंय, ते परत कसं निवडायचं हे कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीखाली ठेव. हा कागद नसेल तर ते दोघं दिवसभर काळ्या पडद्यासमोर बसतील आणि तुला ऑफिसात फोन करणार नाहीत. कामात असेल ती, म्हणतील.

ते आल्यावर पहिल्या दिवशी शिकवायला जाऊ नकोस, झोप उलटी झालेली असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तू घरी असताना, रिमोट त्यांच्या हातात दे आणि तू हात मागे बांधून उभी राहा. चुकू दे, परत करू दे.

आता तू एवढं कर: बाल्कनीची दिशा, नेटचा प्लॅन आणि सासूबाईंच्या मालिकांची यादी, तिन्ही मला शुक्रवारपर्यंत पाठव. शनिवारी सकाळी फोनवर बसून कुठलं पॅक घ्यायचं ते ठरवू, म्हणजे एप्रिलमध्ये महिनाभर तुला स्वतःला वापरून बघता येईल.