भुकटीपेक्षा फणी बरी

दसरा उलटला की सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात सीताफळांचे ढीग लागतात. कांकेरकडची सीताफळे आमच्या भागात नावाजलेली. भिलाईच्या टाउनशिपमध्ये फळ खाऊन झाले तरी बिया टाकवत नाहीत. धुऊन, अंगणात वाळवून त्या डब्यात भरायच्या आणि मुलीच्या डोक्यात उवा झाल्या की कुटून खोबरेल तेलात कालवून लावायच्या. नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत हा उपाय आहे, तसाच इथल्या छत्तीसगढी घरांतही. पोलाद कारखान्यापायी साऱ्या देशातून माणसे इथे येऊन वसली, त्यामुळे एकेका ब्लॉकमध्ये चार प्रांतांचे घरगुती उपाय ऐकायला मिळतात आणि त्यांवरून वादही होतात. सीताफळाच्या बीबद्दल मात्र वाद नाही.

त्या बीने माझ्या पुतणीच्या डोळ्यांचे काय केले ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे लिहिते.

दिवाळीची सुट्टी संपत आली होती. शाळा उघडण्याआधी डोके साफ व्हावे म्हणून जाऊबाईंनी रात्री पोरीच्या डोक्याला लेप लावून वरून जुना पंचा बांधला. तेलाचा ओघळ कपाळावर येत होता, पोरगी कुरकुरत होती. घरकामाला येणारी म्हातारी दाई तिथेच बसली होती. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "रुख के चीज आय नोनी, कुछु नइ होवय." झाडाची वस्तू, तिने काय होणार! आम्हा सगळ्यांचे मत तेच होते.

सकाळी न्हाऊ घालताना लेप पाण्याबरोबर तोंडावरून उतरला आणि पोरीने डोळे चोळले. थोड्याच वेळात डोळे लालभडक झाले, दुपारपर्यंत पापण्या सुजल्या. संध्याकाळी दिवा लावला तर ती उशीत तोंड खुपसून रडू लागली, उजेड सोसवेना. कोणी गुलाबपाणी घातले, कोणी दुधाच्या घड्या ठेवल्या. त्या रात्री घरात कोणाचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पिवळ्या रंगाचे औषध डोळ्यात घालून निळ्या उजेडात पाहिले. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वरची पातळ कातडी जिथे निघालेली असते तिथे तो रंग धरतो आणि हिरवा चमकतो. दोन्ही डोळ्यांत असे चट्टे होते. आम्ही काही सांगण्याआधीच त्यांनी विचारले, "सीताफळाच्या बिया लावल्या होत्या का?" म्हणजे असे येणारे आम्ही पहिले नव्हतो. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी छापून आल्या आहेत, आणि त्यांतही बहुतेकांनी उवांसाठीच भुकटी लावली होती. आमची पोरगी जंतुनाशक थेंब आणि डोळा ओलसर ठेवणारे थेंब यांवर काही दिवसांत बरी झाली. नजर शाबूत राहिली.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सीताफळाच्या बीत असेटोजेनिन नावाची द्रव्ये असतात. पेशीच्या आत जिथे ऊर्जा तयार होते, ते कामच ती बंद पाडतात. ऊ मरते ती यामुळे. पण बुबुळावरची पेशी आणि उवेची पेशी यांत ते विष भेदभाव करत नाही. अख्खी बी चुकून गिळली तर टणक साल शाबूत राहून ती तशीच बाहेर पडते, म्हणून आपल्याला बी निरुपद्रवी वाटते. कुटली की विष मोकळे होते. तेव्हा घरात ही भुकटी असेल तर ती फेकून द्या. कुटतानाही तिचा कण डोळ्यात उडू शकतो. तसे झालेच तर डोळा चोळू न देता स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नका. त्यांत स्टिरॉइड असेल तर जखम चिघळू शकते.

एकदा डोळे उघडल्यावर मी बाकीच्या घरगुती उपायांकडेही संशयाने पाहू लागले. खोबरेल तेलात कापूर कालवून लावणे आपल्याकडे सर्रास चालते. कापूर देवापुढे ठीक. लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी झटके येऊ शकतात, आणि डोक्याला लावलेले तेल बोटांवरून तोंडात जायला वेळ लागत नाही. डांबराच्या गोळ्या कुटून लावणाऱ्याही बाया मी पाहिल्या आहेत. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशा मुलांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटू लागतात, आणि आपल्या मुलात ती उणीव आहे की नाही हे बहुतेक आईबापांना ठाऊकही नसते. रॉकेलबद्दल काय बोलावे! कातडी भाजते, वाफ छातीत जाते, आणि डोके रॉकेलने भिजलेले असताना घरात चूल किंवा गॅस पेटलेला असतो. झुरळांचा फवारा आणि मुंग्यांचा खडू डोक्याला लावणारे लोकही आहेत. त्यांना हात जोडून एवढेच सांगते, की ती वस्तू फरशीसाठी असते.

दुकानातले ते सगळे चांगले असेही नाही. गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइड, म्हणजे लिंडेन, हे औषध उवा-खरजेसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरले गेले. ते मज्जासंस्थेवर घाला घालते, लहान मुलांना त्याने झटके आलेले आहेत. 2009 मध्ये घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचे नाव गेले, आणि भारतात कीटकनाशक म्हणून त्याचे उत्पादन 2011 पासून आणि वापर 2013 पासून बंद झाला. जुन्या कपाटात एखादी बाटली पडलेली असेल तर ती "होती म्हणून" वापरू नये.

मग विषाशिवाय उरते काय? फणी. ऐकायला फार साधे वाटते, पण माणसाचा उवांशी झगडा चालू आहे तेव्हापासून फणी आहे. इस्राएलमधल्या लाखीश इथे हस्तिदंताची एक फणी सापडली. सुमारे 3,700 वर्षांपूर्वीची. तिच्यावर बारीक अक्षरांत काही कोरलेले असल्याचे पुष्कळ उशिरा कळले आणि 2022 मध्ये ते वाचून प्रसिद्ध झाले. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या दाताने निघून जावोत, अशा अर्थाचे ते मागणे आहे. कनानी लिपीतले आजवर सापडलेले हे पहिले संपूर्ण वाक्य म्हणतात. आपल्याकडे तर साक्षात विठ्ठलाने जनीच्या डोक्याला लोणी चोळून दिल्याचे जनाबाईच्या अभंगात आहे. त्यातला भक्तिभाव बाजूला ठेवून निव्वळ कृती पाहिली तरी ती बरोबर आहे: आधी केस स्निग्ध करायचे, मग हात घालायचा.

फणीने काढण्यासाठी उवेचा दिनक्रम माहीत हवा. मोठी ऊ तिळाएवढी असते. तिला पंख नाहीत, ती उडी मारत नाही, नुसती चालते. मादी दिवसाला सहा ते दहा अंडी घालते आणि एकेक अंडे, म्हणजे लीख, मुळापाशी केसाला डिंकासारख्या द्रव्याने चिकटवते. सात ते दहा दिवसांत लीख फुटते. बाहेर आलेले पिल्लू मोठे होऊन स्वतः अंडी घालायला आणखी साधारण नऊ ते बारा दिवस लागतात. आपली संधी या मधल्या दिवसांत आहे. लिखा एका बैठकीत निघणार नाहीत, हे आधीच मान्य करायचे. पण फुटलेले प्रत्येक पिल्लू अंडी घालण्याच्या वयाला येण्याआधी फणीत सापडले की वंश खुंटला. म्हणून दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे फणी फिरवायची. शेवटच्या खेपेलाही जिवंत ऊ निघाली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एकदाच तास-दीड तास खपून "झाले एकदाचे" म्हणणाऱ्या घरात पंधरवड्याने उवा परत दिसतात, आणि दोष बिचाऱ्या शाळेला लागतो.

केस धुऊन ओलेच ठेवा आणि त्यांना भरपूर कंडिशनर चोपडा. तो नसला तर खोबरेल तेल चालेल. तेलाने ऊ गुदमरून मरते हा समज खरा नाही. ती श्वासाची छिद्रे मिटून तासन्‌तास तग धरते. पण ओल्या, बुळबुळीत केसांत तिला पळता येत नाही आणि फणी अडकत नाही म्हणून पोर रडत नाही, हा फायदा मोठा. साध्या कंगव्याने गुंता काढून केसांचे भाग पाडा. कानामागे आणि मानेवर आधी बघा, उवांचा खरा मुक्काम तिथे. फणी टाळूला टेकवून थेट टोकापर्यंत ओढायची आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्याला पुसून बघायची. लांब केसांना अर्धा तास तरी लागतो. प्लॅस्टिकच्या रंगीत फण्यांचे दात वाकतात आणि मधून लीख सुटते. लोखंड-पोलादाच्या या गावात राहून पोलादी दातांची फणी मिळत नाही असे कोणी म्हणू नये.

हे नुसते आजीबाईचे बोलणे नाही. 2005 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक चाचणी आली. ओले केस विंचरण्याच्या पद्धतीने 57 टक्के मुले उवामुक्त झाली, तर दुकानात मिळणाऱ्या कीटकनाशक औषधांनी 13 टक्के. त्याआधी 2000 साली लॅन्सेटमधल्या चाचणीत मात्र उलट निकाल होता: मॅलॅथिऑन या कीटकनाशकाने 78 टक्के, विंचरण्याने 38 टक्के. दोन्ही निकाल वाचून मी असे समजते की औषधाला उवा सरावतात, आणि विंचरणाऱ्याच्या चिकाटीवर बाकीचे ठरते. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी डॉक्टरांना डायमेटिकोनबद्दल विचारावे. हे सिलिकोनचे तेल आहे, मज्जासंस्थेवर काम करत नाही. उवेच्या अंगावर थर बसवून तिचा कारभार बंद पाडते. ते लावलेले असताना विस्तवापासून मात्र दूर राहायचे. एक टक्का परमेथ्रिनही दोन महिन्यांवरील मुलांना डॉक्टरच्या सांगण्यावरून चालते, आणि साधारण आठवडा-दीड आठवड्याने पुन्हा लावावे लागते. त्याला मी विष म्हणून नाके मुरडणार नाही. डबल मात्रा देणे, रात्रभर ठेवणे, दर महिन्याला "राहू दे" म्हणून लावणे, हे मात्र मला पटत नाही.

वेळेवरून आठवले. थंडीत क्वार्टरच्या अंगणात दुपारी उन्हाला पाठ करून बायका एकीमागे एक बसायच्या आणि एकमेकींची डोकी पाहायच्या. गप्पा चालत, काम होऊन जाई. आता घरोघरी बाया नोकरीला जातात, ते बरेच झाले. पण डोके पाहण्याचे काम तेव्हाही त्यांचेच होते आणि आताही त्यांच्याचकडे उरले आहे. दहा मिनिटांच्या भुकटीचा मोह होतो तो त्यातून. रात्रपाळी करून आलेला बाप दुपारी घरात असतोच. फणी धरायला बायकांचाच हात लागतो असे कुठे लिहिले आहे?

उवा होऊ नयेत म्हणून कोणतेही तेल, कोणताही शॅम्पू लावून ठेवण्याचा उपयोग नाही. ऊ बहुतांशी डोक्याला डोके लागून जाते. लग्नघरी एका सतरंजीवर झोपलेली पोरे, एका मोबाइलवर वाकलेली चार डोकी, तिथून तिचा प्रवास. मुलींच्या घट्ट वेण्या आणि आठवड्यातून एकदा उजेडात फणी, एवढे पुष्कळ. ऊ डोक्यावरून खाली पडली की दोन दिवसांच्या आत मरते, त्यामुळे गाद्या-पडद्यांवर फवारे मारू नका. उशीचे अभ्रे आणि टॉवेल कढत पाण्यात धुतले, कंगवे गरम पाण्यात बुडवले की झाले. एकाच्या डोक्यात सापडल्या तर त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, आजीचेसुद्धा.

शाळांना एक विनंती. उवा झालेल्या मुलीला वेगळे बसवू नका, घरी पाठवू नका. डोक्यातली ऊ रोग पसरवत नाही. टायफस पसरवते ती अंगावरच्या कपड्यांतली. अस्वच्छतेचाही संबंध नाही, रोज न्हालेल्या केसांत ती तितक्याच आनंदाने राहते. वर्गाच्या सगळ्या पालकांना एकदम, कोणाचे नाव न घेता कळवले की मुले एकाच वेळी साफ होतात.

उवा गेल्यावरही डोके काही आठवडे खाजू शकते, कारण खाज उवेच्या लाळेच्या वावड्याची असते. केसांना पांढऱ्या लिखाही दिसत राहतील. लीख मुळापासून किती दूर आहे ते बघा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे त्याहून लांब गेलेली लीख ही रिकामी साल असते. व्हिनेगरने ती सुटत नाही. नखाने ओढून काढली तर निघते, न काढली तरी बिघडत नाही. तिच्यासाठी पुन्हा औषध लावायचे नाही. औषधाची ठरलेली दुसरी खेप सोडली, तर पुन्हा लावायचे ते जिवंत, चालती ऊ दिसली तरच.