वायफाय अडॅप्टर चालत नाही तेव्हा : लिनक्स लॅपटॉपवरील दोषशोधाचा एक पाठ

शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश-अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, वसतिगृहाची यादी ही सारी कामे आता संगणकावरच करावी लागतात. अनेक घरांत त्यासाठी कोणी आपुलकीने दिलेला जुना लॅपटॉप असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपले आणि विंडोज ११ तर अनेक जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसतच नाही. अशा यंत्रांना लिनक्समुळे पुन्हा उपयोगी आयुष्य लाभते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ज्या कर्नलचा आरंभ केला, तो आज कोणालाही विनामूल्य वापरता येतो.

मात्र जुन्या लॅपटॉपचे अंगचे वायफाय पुष्कळदा बंद पडलेले असते. मग यूएसबीला जोडण्याचा छोटा अडॅप्टर, म्हणजे बाजारात ज्याला डोंगल म्हणतात तो, विकत आणला जातो. तो चालला नाही की यंत्रच निकामी ठरवले जाते, चांगला लॅपटॉप कपाटात जातो आणि अर्जाची मुदत टळते. संगणक कक्षात अशी यंत्रे तपासताना आम्ही जो क्रम पाळतो, तो माजी विद्यार्थी व पालक यांच्या उपयोगासाठी येथे मांडत आहोत.

या क्रमाचे सूत्र एकच आहे. अडॅप्टरपासून इंटरनेटपर्यंत एक साखळी असते. तिच्या प्रत्येक कडीला एक प्रश्न विचारावा आणि जेथे पहिले ‘नाही’ उत्तर येईल तेथेच थांबून दुरुस्ती करावी. त्यापुढच्या कड्यांवर केलेले श्रम व्यर्थ जातात. खालील आज्ञा आम्ही देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकाव्यात.

पहिला प्रश्न : यंत्राला अडॅप्टर दिसतो का? ‘एल-एस-यू-एस-बी’ ही आज्ञा जोडलेल्या सर्व यूएसबी वस्तूंची यादी देते. अडॅप्टर काढून एकदा आणि लावून एकदा ती द्यावी. दुसऱ्या यादीत वाढलेली ओळ अडॅप्टरची असते. ओळ वाढलीच नाही, तर ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही. दोष खाचेत, जोडवायरीत किंवा खुद्द अडॅप्टरमध्ये आहे. ‘सुडो डी-एम-ई-एस-जी’ या आज्ञेने कर्नलची नोंदवही वाचता येते. तीत शेवटी उणे ७१ किंवा उणे ११० या क्रमांकाची यूएसबी-त्रुटी वारंवार आढळली, तर संवाद तुटतो आहे असे समजावे. अशा वेळी खाच बदलावी, मधला हब काढून टाकावा आणि अडॅप्टर दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा.

दुसरा प्रश्न : त्यातील चिप कोणती? त्याच ओळीत अपूर्णविरामाने जोडलेले चार-चार अंकाक्षरांचे दोन गट असतात. पहिला निर्मात्याचा, दुसरा वस्तूचा. उदाहरणार्थ, ०बीडीए हा गट रिअलटेकचा आहे. खोक्यावरील नावापेक्षा ही ओळख अधिक विश्वसनीय असते, कारण एकाच नावाखाली चिप बदलत जाते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, पुढच्या आवृत्त्यांत रिअलटेकची आली. नाव तेच राहिले, ड्रायव्हर मात्र वेगळा झाला. काही अडॅप्टर प्रथम सीडीचे रूप घेऊन येतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो. ओळख ०बीडीए:१ए२बी अशी दिसली, तर बहुधा हाच प्रकार असतो. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे साधन त्याला वायफायच्या रूपात आणते.

तिसरा प्रश्न : ड्रायव्हर जोडला गेला का? ‘एल-एस-यू-एस-बी’ नंतर जागा सोडून उणे-चिन्ह व टी हे अक्षर लिहिल्यास प्रत्येक वस्तूपुढे ड्रायव्हरचे नाव येते. ती जागा रिकामी असेल, तर ‘यूनेम’ नंतर त्याच रीतीने उणे-चिन्ह व आर लिहून कर्नलची आवृत्ती पाहावी. रिअलटेकच्या ८८२१सीयू व ८८२२बीयू यांसारख्या यूएसबी चिपचे साहाय्य २०२३ च्या आरंभी आलेल्या ६.२ या कर्नलपासून अंगभूत झाले. म्हणून पुष्कळदा लिनक्सची नवी आवृत्ती बसवणे हाच सर्वांत सोपा उपाय ठरतो. बाहेरचा ड्रायव्हर बसवावाच लागला, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सिक्युअर बूट चालू असताना स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर स्वीकारला जात नाही. तसेच कर्नल बदलला की असा ड्रायव्हर नव्याने बांधावा लागतो. डीकेएमएस ही व्यवस्था ते काम आपोआप करते, पण त्यासाठी कर्नलच्या हेडर फाइली बसवलेल्या असाव्या लागतात.

चौथा प्रश्न : फर्मवेअर मिळाले का? अनेक चिपना चालू होताना एक लहान फाइल पुरवावी लागते. ती नसेल, तर कर्नलच्या नोंदवहीत फर्मवेअर चढवता न आल्याची ओळ उणे २ या क्रमांकासह येते. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून अशा फाइली अधिकृत स्थापना-प्रतीतच मिळतात.

इंटरनेटच नसताना या फाइली आणाव्यात कशा, हा पेच स्वाभाविक आहे. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडून त्यातील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लिनक्स त्याला साधे तारेचे जाळे मानते आणि बहुधा वेगळ्या ड्रायव्हरची गरज पडत नाही. अर्जाची मुदत आजचीच असेल, तर आधी या मार्गाने अर्ज भरावा; दुरुस्ती उद्याही करता येते.

पाचवा प्रश्न : वाट कोणी अडवली आहे का? ‘आर-एफ-किल लिस्ट’ या आज्ञेने अडथळा कळतो. अडथळा सॉफ्टवेअरचा असेल, तर ‘आर-एफ-किल अनब्लॉक वायफाय’ पुरे. हार्डवेअरचा असेल, तर लॅपटॉपवरील वायफायचे बटण पाहावे. त्यानंतर ‘एन-एम-सी-एल-आय डिव्हाइस’ ही आज्ञा द्यावी. अडॅप्टरपुढे ‘अनमॅनेज्ड’ असे आले, तर ड्रायव्हर निर्दोष आहे. नेटवर्क मॅनेजरने तो हाती घेतलेला नाही, एवढाच दोष उरतो.

सहावा प्रश्न : लहरी पोहोचतात का? केवळ २.४ गिगाहर्ट्झचा अडॅप्टर ५ गिगाहर्ट्झचे जाळे कधीच दाखवणार नाही. घरातील इतर वायफाय दिसत असून आपलेच दिसत नसेल, तर राउटरची किंवा मोबाइल हॉटस्पॉटची पट्टी बदलावी. शिवाय यूएसबी ३ च्या वस्तू २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करतात. वेग अकारण घटत असेल, तर हातभर लांबीची जोडवायर लावून अडॅप्टर लॅपटॉपपासून दूर ठेवावा.

या सहा प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत आणि एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले, तर कशाने काम झाले हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा प्रारंभापासून शोध घ्यावा लागतो. दूरच्या जाणकाराकडून फोनवर साहाय्य घेतानाही ही नोंद कामी येते. ‘नेट चालत नाही’ एवढ्यावरून त्याला काही सांगता येत नाही. ओळखक्रमांक आणि नोंदवहीतील ओळ मिळाली की तो थोडक्यात मार्ग दाखवू शकतो.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना आमची नम्र विनंती आहे. आपला जुना लॅपटॉप एखाद्या विद्यार्थ्याला द्याल, तेव्हा त्यासोबत चालून पाहिलेला अडॅप्टर द्यावा आणि लॅपटॉपच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर चिपचा ओळखक्रमांक, ड्रायव्हरचे नाव व कर्नलची आवृत्ती एवढ्या तीन ओळी असाव्यात. ज्या गावी दुरुस्तीचे दुकान नाही, तेथे त्या तीन ओळींच्या आधारे मुलाला आपले यंत्र स्वतःच पुन्हा चालू करता येईल.