टीव्हीचा डबा चुगली करतो का?

प्रश्न : माझी लेक न्यू जर्सीत असते. आवडत्या मालिका रेकॉर्ड करून ठेवते आणि रात्री जाहिराती पळवत बघते. जावई म्हणतात, आपण काय बघतो ते हा डबा कंपनीला कळवतो. खरं का? आणि असं रेकॉर्ड करणं गुन्हा तर नाही ना?

उत्तर : गुन्हा नाही. हे भांडण डब्याच्याही आधीचं, कॅसेटच्या जमान्यातलं. १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डर बनवणाऱ्या सोनीला कोर्टात खेचलं. घरी सवडीने बघायला कार्यक्रम टिपून ठेवण्यात गैर काही नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी दिला. तोही पाच विरुद्ध चार मतांनी, म्हणजे थोडक्यात निभावलं!

जाहिराती पळवण्याचं प्रकरण जास्त मजेशीर. रिप्लेटीव्ही नावाचा डबा जाहिराती आपोआप गाळायचा, म्हणून २००१ मध्ये वाहिन्या आणि स्टुडिओ त्याच्यावर तुटून पडले. एप्रिल २००२ मध्ये एका दंडाधिकारी न्यायाधीशांनी कंपनीलाच फर्मावलं, की गिऱ्हाईक काय बघतं, कुठली जाहिरात गाळतं, ते टिपा आणि फिर्यादींना द्या. कंपनी म्हणाली, असं काही आम्ही टिपतच नाही, त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लिहावं लागेल. म्हणजे हेरगिरी न करणाऱ्या डब्याला कोर्टच हेर बनवत होतं. वरच्या न्यायाधीशांनी पुढच्याच महिन्यात तो आदेश फिरवला. पुढे मार्च २००३ मध्ये कंपनीचंच दिवाळं निघालं आणि जाहिराती गाळणं कायदेशीर की नाही, याचा निकाल त्या खटल्यात लागलाच नाही.

आता जावयांचा मुद्दा. ते बरोबर आहेत. फेब्रुवारी २००४ मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सनचा पोशाख सरकला. तो क्षण लोकांनी सर्वाधिक वेळा मागे नेऊन पाहिला, असं रेकॉर्डिंगचा असाच डबा बनवणाऱ्या टिव्हो कंपनीने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं. नोंदी बिननावी होत्या म्हणे, पण रिमोटचं बटण कुणी मोजतंय हे कळल्यावर अनेकांना धक्का बसला. केबलवाल्यांनी ग्राहकाची ओळख पटेल अशी माहिती सहसा परवानगीशिवाय गोळा करू नये, हा कायदाही १९८४ चाच. पण टिव्हो कुठे केबलवाली होती? तिच्या ग्राहकांना मात्र फोन करून ही नोंद थांबवता येई.

लेकीचा डबा केबलवाल्याचा असेल, तर वर्षातून एकदा त्याला गोपनीयतेची नोटीस पाठवावीच लागते. बारीक अक्षरातली असते. जावयांना वाचायला सांगा.