मध्यम किंमतीचा स्मार्टफोन: शेतकऱ्यानें तो कसा पारखावा

चाकणच्या जनावरांच्या बाजारांत बैल घेणारा शेतकरी शिंगांस लावलेला रंग पाहून पैसे मोजीत नाहीं. तो बैलाचें तोंड उघडून दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखालीं हात घालतो. परंतु तोच शेतकरी १५ ते २५ हजार रुपयांचा स्मार्टफोन घेण्यास पिंपरी-चिंचवडच्या दुकानांत गेला म्हणजे खोक्यावरील मोठे आंकडे, पाठीचा रंग व 'आज सूट आहे' हे शब्द एवढ्यावर समाधान मानतो. फोन हें आतां शेतीचें एक अवजार झालें आहे. अवजाराची पारख त्याच्याकडून घ्यावयाच्या कामावरून करावयाची असते. ती कशी करावी, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

फोनवर काय अवलंबून आहे

महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीची पद्धति सुरू झाली. पूर्वीं तलाठी पिकाची नोंद करीत. आतां शेतकऱ्यानें स्वतः आपल्या गटांत उभें राहून पिकाचें नांव व क्षेत्र भरावयाचें आणि छायाचित्र काढावयाचें असतें. त्यानें तें केलें नाहीं, तर पुढें सहाय्यकामार्फत नोंद करण्याची सोय आहे. परंतु आपल्या सातबाऱ्यावर काय चढतें हें दुसऱ्याच्या सवडीवर सोडणें शहाणपणाचें नव्हे. पीक-कर्ज, विमा, नुकसानीची मदत व आधारभूत किंमतीनें विक्री या सर्वांस ती नोंद लागते. त्याखेरीज यूपीआयवरून पैशाची देवघेव, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, तसेंच वीज पडण्याची सूचना देणारें पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें 'दामिनी' ॲप, हीं सर्व याच यंत्रावर येतात.

आमच्या पट्ट्यांत आणखी एक अडचण आहे. खेड, मावळ, मुळशी व हवेली या तालुक्यांतील पुष्कळ घरांत बाप शेतावर आणि मुलगा चाकण, भोसरी किंवा तळेगांवच्या कारखान्यांत पाळीवर, अशी स्थिति असते. घरांतील चांगला फोन मुलापाशीं, आणि बापाच्या आधारास व बँकेच्या खात्यास जोडलेला नंबरही मुलाचाच. कित्येक कारखान्यांत कामाच्या जागीं फोन नेऊं देत नाहींत. मग ओटीपी येतो तो लॉकरांत पडून राहतो, कांहीं मिनिटांत त्याची मुदत संपते, आणि बाप केंद्रावरून हात हालवीत परत येतो. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, ज्याच्या नांवावर सातबारा आहे त्याच्या हातांत त्याचा स्वतःचा फोन व स्वतःचा नंबर असावा. तो फोन फार भारी नको. पण भरंवशाचा हवा.

१. दांत पाहणें, म्हणजे फोनचें वय

फोनचें खरें वय तो आपण विकत घेतल्या दिवसापासून मोजीत नाहींत. तें मॉडेल बाजारांत प्रथम आलें त्या दिवसापासून मोजतात. कंपनी 'इतकीं वर्षें अपडेट देऊं' असें सांगते तीं वर्षेंही बहुधा तेथूनच सुरू होतात. अपडेट बंद झाले म्हणजे फोन बंद पडत नाहीं; परंतु चोरट्यांस आंत शिरण्याच्या नव्या वाटा बुजविल्या जात नाहींत, आणि कालांतरानें बँकेचीं व सरकारी ॲप्सही त्यावर चालेनाशीं होतात.

या बाबतींत आम्ही स्वतः ठकलों आहोंत. सुटीच्या विक्रींत आम्हीं १३,५०० रुपयांस एक फोन घेतला. अपडेटची मुदत तीन वर्षांची, असें दुकानदारानें सांगितलें व तें खोटेंही नव्हतें. मात्र तें मॉडेल निघून दीड वर्ष होऊन गेलें होतें, हें आम्हीं विचारलें नाहीं व त्यानें सांगितलें नाहीं. आम्हांस मिळालें दीडच वर्ष. म्हणजे वर्षास ९,००० रुपये पडले. तेंच २०,००० रुपयांचा, नुकताच निघालेला व पांच वर्षांची हमी असलेला फोन घेतला असता, तर वर्षास ४,००० रुपये पडले असते. स्वस्त बैल म्हातारा निघाला, असें झालें.

सॅमसंगनें २०२५ सालीं गॅलॅक्सी ए३६ सारख्या मध्यम किंमतीच्या फोनांसही सहा वर्षांच्या अपडेटचें वचन दिलें. युरोपीय संघांत तर २० जून २०२५ पासून असा कायदाच झाला आहे कीं, मॉडेलची विक्री थांबल्यानंतर निदान पांच वर्षें अपडेट द्यावेत, आणि बॅटरी ८०० वेळां भरल्यावरही तिची शक्ति ८० टक्के उरावी. म्हणून मध्यम फोनकडून दीर्घ आयुष्याची अपेक्षा करणें गैर नाहीं. दुकानांत पहिला प्रश्न हाच करावा: हें मॉडेल कोणत्या महिन्यांत निघालें, आणि शेवटचा अपडेट कोणत्या वर्षीं मिळणार? मग किंमतीस उरलेल्या वर्षांनीं भागावें.

२. रेंज

भामा व भीमा यांच्या खोऱ्यांत पश्चिमेकडे जावें तसतशी डोंगराआड रेंज क्षीण होते. उलट चाकण-तळेगांव रस्त्याच्या बाजूस पाळी सुटण्याच्या वेळीं दांडे पूर्ण दिसतात, पण गर्दीमुळें माहिती पुढें सरकत नाहीं. या दोन रोगांवर औषध एक नाहीं. पहिल्यांत फोनचा अँटेना व त्यास चालणारे पट्टे महत्त्वाचे; दुसऱ्यांत चांगल्या फोनचाही इलाज थोडा.

कमी कंपनसंख्येच्या लहरी दूरवर जातात व भिंतींतूनही शिरतात. अधिक कंपनसंख्येच्या लहरी वेग जास्त देतात, पण लवकर विरतात. यास्तव ४जी मध्यें बी५ व बी८, आणि ५जी मध्यें एन२८ व एन७८ हे पट्टे फोनच्या माहितीपत्रकांत आहेत कीं नाहींत तें पाहून घ्यावें. घरीं वायफाय असल्यास त्यावरून साधा कॉल लावण्याची सोयही असावी. पत्र्याच्या घरांत तिचा मोठा उपयोग होतो.

दांड्यांवर विश्वास ठेवूं नये. प्रत्येक कंपनी ते आपल्या मनाप्रमाणें दाखविते. सेटिंगमध्यें सिमच्या माहितींत सिग्नलचा आंकडा उणे चिन्हासह असतो. उणे ९० किंवा त्याहून शून्याच्या जवळ असला तर उत्तम. उणे ११० च्या पलीकडे गेला तर क्षीण. दहानें फरक म्हणजे शक्तींत दहापट फरक. विहिरीपाशीं एकच सिम आपल्या जुन्या व नव्या फोनांत आळीपाळीनें घालून हा आंकडा ताडून पाहावा. ज्यांच्या पंपास मोबाईल स्टार्टर आहे त्यांस या परीक्षेचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

३. जागा दाखविणें

ही परीक्षा कोणी करीत नाहीं, आणि शेतकऱ्यास तीच सर्वांत जरुरीची आहे. मोकळ्या आभाळाखालीं चांगला फोन आपली जागा साधारण ५ मीटरच्या आंत दाखवितो. आतां गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे सुमारें १० मीटर. वांटण्या होऊन शेतांच्या अरुंद पट्ट्या पडलेल्या असतां १५ मीटर चुकणारा फोन आपणांस भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या गटांत उभें करतो, आणि पीक पाहणी अडूं शकते.

ज्यांचें शेत कारखान्याच्या उंच शेडला लागून आहे त्यांस आणखी त्रास होतो. उपग्रहाची लहर पत्र्यावर आपटून परावर्तित होते, फोनला ती उशिरां मिळते, व तो जागा चुकवितो. यावर उपाय म्हणून कांहीं फोनांत दोन कंपनसंख्या वापरतात; त्यांस एल१ व एल५ अशीं नांवें आहेत. आपल्या देशाच्या 'नाविक' उपग्रहांची सेवाही घेणारे फोन आहेत. दोन सारख्या किंमतीच्या फोनांपैकीं ज्यांत एल५ आहे तो घ्यावा.

परीक्षा अशी करावी. हद्दीच्या दगडापाशीं, झाडाच्या सावलीबाहेर उभें राहावें. दोन मिनिटें थांबून नकाशाच्या ॲपमध्यें अक्षांश पाहावा व लिहून ठेवावा. सकाळीं, दुपारीं व संध्याकाळीं असें तीनदां करावें. दशांश चिन्हानंतरच्या पांचव्या स्थळीं एकाचा फरक म्हणजे जमिनीवर सुमारें १.१ मीटर. तीन वाचनांत चार-पांचाचा फरक असेल तर फोन चांगला. पंधरा-वीसाचा असेल तर तो परत करावा.

मात्र येथें एक इशारा देणें आम्ही कर्तव्य समजतों. कारखाने आल्यापासून या भागांत जमिनीस जो भाव आला आहे, त्यानें हातभर बांधावरूनही भाऊबंदकी पेटते. फोनवरील नकाशाची रेघ पाहून कोणीही बांध सरकवूं नये व शेजाऱ्यावर आळ घेऊं नये. ५ मीटर चूक ही पिकाच्या नोंदीस चालेल. हद्दीस ती चालणार नाहीं. हद्द ठरविणें हें भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीचें काम आहे.

४. बॅटरी व ऊन

या किंमतींत ५,००० एमएएच किंवा त्याहून मोठी बॅटरी मिळते व ती पुरेशी आहे. परंतु क्षीण रेंजमध्यें फोन टॉवर शोधण्यांत बरीच बॅटरी खर्च करतो. म्हणून दुकानांतील अनुभव रानांत लागू पडत नाहीं. पहांटे पूर्ण भरलेला फोन दिवसभर शेतावर वापरून संध्याकाळीं निदान चौथा हिस्सा उरला पाहिजे.

बॅटरीचा खरा शत्रु उष्णता होय. उन्हांत ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा बंद गाडींत फोन ठेवूं नये, आणि तापलेला असतां चार्जिंगला लावूं नये. ४५ अंशांपलीकडे भरणें बॅटरीस घातक असतें. मोटारसायकलच्या हँडलला फोन अडकविण्याची चालही टाळावी. इंजिनाच्या कंपनानें कॅमेऱ्यांतील स्थिर ठेवणारी रचना बिघडूं शकते, असें ॲपल कंपनीनें २०२१ सालीं आपल्या ग्राहकांस स्वतः कळविलें होतें.

५. स्क्रीन व बोटें

खोक्यावर चकाकीचा जो मोठा आंकडा असतो तो बहुधा स्क्रीनचा लहानसा भाग क्षणभर उजळतो तेव्हांचा असतो. आंकडा सोडून द्यावा; फोन दुकानाबाहेर भर उन्हांत न्यावा व त्यावर सातबारा उघडून वाचून पाहावा. अक्षर न दिसल्यास बाकीचे गुण व्यर्थ होत.

शेतकऱ्याच्या बोटांवरील रेषा कामानें झिजलेल्या असतात. फोनचें कुलूप बोटानें उघडतें कीं नाहीं, हें ज्याला तो वापरावयाचा आहे त्याच्याच हातानें पाहावें. मुलाच्या हातानें नव्हे. बोट लागत नसेल तर चेहऱ्याची ओळख उपयोगीं पडते. पीएम-किसानची ई-केवायसीही २०२३ पासून चेहरा दाखवून करतां येते. म्हणून समोरचा कॅमेरा अगदींच सुमार नसावा.

६. कॅमेरा

पाठीवर तीन डोळे असले म्हणजे तिप्पट दिसतें असें नाहीं. त्यांतील २ मेगापिक्सेलचे डोळे पुष्कळदां संख्या भरण्यापुरतेच असतात. एक मुख्य कॅमेरा चांगला असला म्हणजे झालें. कांद्याच्या पातीच्या बेचक्यांत जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे फुलकिडे असतात. त्यांचें छायाचित्र काढून मोठें करून पाहावें. किडा ओळखूं आला तर कॅमेरा उत्तीर्ण. असें स्पष्ट चित्र घेऊन राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयांतील किंवा नारायणगांवच्या कृषि विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांस विचारलें, तर उत्तर नेमकें मिळतें व फुकट फवारणी वांचते.

७. पाणी, धूळ व मेमरी

'आयपी' या अक्षरांपुढें दोन अंक असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी६७ म्हणजे धूळ आंत जाणार नाहीं व एक मीटर खोल गोड्या पाण्यांत अर्धा तास टिकेल. आयपी५४ म्हणजे केवळ शिंतोडे सोसेल. या परीक्षा स्वच्छ पाण्याच्या आहेत, फवाऱ्याच्या औषधाच्या नव्हेत. आणि पाण्यानें झालेली हानि बहुतेक हमींत बसत नाहीं.

मेमरींत ८ जीबी रॅम व १२८ जीबी साठा पुरे. दुकानदार '८ अधिक ८' असें सांगेल, त्यांतील दुसरे आठ हे साठ्यांतूनच उसने घेतलेले असतात. ते खऱ्या रॅमचें काम करीत नाहींत.

८. पैसे देतांना

जीएसटीचें पक्कें बिल घ्यावें. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश (*#०६#) दाबल्यावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरील व बिलावरील क्रमांकाशीं ताडावा. इंग्रजी लिपींत केवायएम हीं अक्षरें, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास फोन खरा कीं बनावट हें कळतें. जुना फोन घेणारांनीं तर ही चौकशी केल्यावांचून पैसे देऊंच नयेत. फोन हरवल्यास केंद्र सरकारच्या 'संचार साथी' वरून, जें मे २०२३ मध्यें सुरू झालें, तो बंद करवितां येतो. त्यासाठीं बिल जपून ठेवावें. दुरुस्तीचें केंद्र चाकण, राजगुरुनगर किंवा पिंपरी-चिंचवड येथें आहे कीं नाहीं, हेंही घेण्यापूर्वींच विचारावें.

सारांश

पहिलें फोनचें उरलेलें वय, दुसरें रानांतील रेंज, तिसरें जागेची अचूकता, चौथें उन्हांत वाचतां येणें. हे चार गुण जमले म्हणजे बाकीचे दुय्यम समजावेत. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे तें प्रथम विचारून घ्यावें, आणि त्या मुदतींत या परीक्षा शेतावर उरकाव्यात. आमचीं मुलें कारखान्यांत प्रत्येक सुटा भाग गेजला लावून मगच स्वीकारतात. तीच रीत बापानें घरीं येणाऱ्या फोनला लावली, तर सातबाऱ्यावरची नोंद वेळेवर होईल आणि ती स्वतःच्या हातची असेल.