आजची उपकारस्तुती आजच

शास्त्रभाग : लेवीय ७:११-१६, योहान ११:३२-४४, १ थेस्सल. ५:१८, २ तीमथ्य ३:१-५



'पानिपत' हा शब्द कानी पडला की मराठी माणसाला गाव आठवत नाही, पराभव आठवतो. १४ जानेवारी १७६१ रोजी येथे मराठ्यांची एक पिढी कापली गेली. नानासाहेब पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव त्यात पडले. आजही कोणी 'विश्वास ठेवा' असे म्हणताच, 'विश्वास तर पानिपतात गेला' हे उत्तर आपल्याकडे हसत हसत दिले जाते.

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेले आजचे पानिपत हे मात्र मागांचे, सुताचे आणि घोंगड्या-ब्लँकेटांचे शहर आहे. ख्रिस्ती कुटुंबाने उपकारस्तुती कशी करावी, हा प्रश्न या गावाच्या निमित्ताने अभ्यासू या.

१. न दिसणारे हात

परदेशांत टाकून दिलेले लोकरी कपडे गठ्ठ्यांनी पानिपतला येतात. स्त्रिया ओळीने बसून त्यांची बटणे, चेन आणि अस्तरे काढतात आणि रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रे त्या चिंध्या पिंजतात, त्या तंतूंचे पुन्हा सूत होते आणि सुताचे ब्लँकेट. भूकंपात किंवा पुरात घर गमावलेल्या माणसाच्या अंगावर जे स्वस्त ब्लँकेट पडते, ते पुष्कळदा असेच तयार झालेले असते. ते पांघरणाऱ्याला त्या स्त्रियांची नावे ठाऊक नसतात, आणि पिंजताना उडणारी धूळ कोणाच्या छातीत गेली हेही ठाऊक नसते.

आपल्या घरातही असेच घडते. पहाटेचा चहा, इस्त्री केलेला सदरा, वेळेवर भरलेली शाळेची फी यांमागचे हात रोजचे झाले म्हणजे दिसेनासे होतात. शिवाय आपल्या समाजाची रीत अशी की, 'घरच्या माणसांचे कसले आभार?' आईला 'आभारी आहे' म्हटले तर तिला परकेपणा वाटतो. या रीतीमागे प्रेम आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु न बोललेली कृतज्ञता हळूहळू न जाणवलेली कृतज्ञता होऊन बसते, हा तिच्यातील धोका आहे.

२. शब्दांचा अर्थ

जुन्या करारात उपकारस्तुतीसाठी 'तोदा' हा इब्री शब्द येतो. ज्या धातूपासून तो बनला, त्याचा अर्थ 'कबूल करणे' असाही आहे. पापाची कबुली आणि देवाची स्तुती या दोहोंसाठी तोच धातू वापरलेला आढळतो. म्हणजे उपकार मानणे ही एक कबुलीच आहे : हे माझे नव्हते, मला मिळाले. नव्या करारातील 'युखारिस्तिया' या ग्रीक शब्दाच्या पोटात 'खारिस', म्हणजे कृपा, हा शब्द आहे.

आपल्या मराठीत 'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. जाणणे मनातल्या मनात होऊ शकते. परंतु आपल्या मराठी शास्त्रात रुळलेला 'उपकारस्तुती' हा शब्द तेवढ्यावर थांबत नाही. स्तुतीला ओठ लागतात.

३. सकाळपर्यंत उरवू नये

लेवीय ७ मध्ये शांत्यर्पणाचे प्रकार सांगितले आहेत. नवसाच्या किंवा स्वखुशीच्या अर्पणाचे मांस दुसऱ्या दिवशीही खाण्याची मुभा होती. उपकारस्तुतीच्या अर्पणाला मात्र ती नव्हती. ते त्याच दिवशी खावयाचे, सकाळपर्यंत काहीही ठेवावयाचे नाही. एका पशूचे मांस एका दिवसात एकट्याने संपणार कसे? साहजिकच घरच्यांना आणि शेजाऱ्यांना पंक्तीला बोलवावे लागे. म्हणून या नियमात दोन गोष्टी आपोआप साधल्या : उपकारस्तुती आजच व्हावी आणि ती एकट्याने होऊ नये.

आपल्याकडे प्रत्येक कार्यक्रमात आभारप्रदर्शन शेवटी असते, लोक चपला शोधू लागतात तेव्हा! घरांतही तसेच होते. मंडळीतील स्मरणोपासनेत मुले आईच्या कष्टांविषयी गहिवरून बोलतात. ते शब्द खरे असतात. परंतु ज्या कानांसाठी ते होते, ते कान आता तेथे नसतात. हे सकाळपर्यंत उरलेले अर्पण होय.

पौलाने तीमथ्याला लिहिताना शेवटल्या काळातील माणसांची जी यादी दिली आहे, तिच्यात आईबापांचे न ऐकणारे आणि उपकार न जाणणारे हे एकमेकांशेजारी उभे आहेत (२ तीमथ्य ३:२). त्याच पत्राच्या आरंभी, स्वतः बंधनात असताना, तो तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाचा नावानिशी उल्लेख करतो (१:५). घरातील दोन स्त्रियांची नावे पत्रात घालणे त्याला गौण वाटले नाही.

४. दुःखात काय?

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. ज्या घरातील माणूस गेला, त्या घराने कशाबद्दल उपकार मानावेत? पानिपताहून सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई परत आल्या, परंतु पती गेल्याचे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही. अशा स्त्रीला 'देवाची उपकारस्तुती कर' असे सांगणे क्रूरपणाचे ठरणार नाही काय?

१ थेस्सल. ५:१८ मधील ग्रीक शब्दयोजना 'सर्व स्थितीत' अशी आहे. 'सर्व स्थितीमुळे' अशी नाही. इफिस. ५:२० मधील शब्द याहून व्यापक आहेत हे खरे. तरी मृत्यूला चांगले म्हणा, असे शास्त्र शिकवीत नाही, ते त्याला शेवटचा शत्रू म्हणते (१ करिंथ. १५:२६). लाजराच्या कबरेजवळ प्रभू येशू आधी रडला आणि मग, धोंड काढल्यावर, त्याने पित्याचे उपकार मानले. अश्रू आणि उपकारस्तुती एकाच ठिकाणी, एकाच मुखावर होती. त्याने लाजराच्या मरणाबद्दल उपकार मानले नाहीत. पिता आपले ऐकतो, याबद्दल मानले. आणि ज्या रात्री तो धरून दिला गेला, त्याच रात्री त्याने भाकर घेऊन उपकारस्तुती केली (१ करिंथ. ११:२३-२४).

म्हणून शोकाकुल घराला आपण उपकारस्तुतीचा उपदेश करू नये. त्यांच्याबरोबर रडावे. पिता ऐकतो, एवढे त्यांना पुन्हा उच्चारता येईल तेव्हा त्यांची उपकारस्तुती सुरू होईल. पानिपतात पुष्कळ गेले. परंतु ज्या विश्वासाचा आधार पित्याचे ऐकणे हा आहे, तो रणांगणावर पडत नाही.

विचारासाठी

(१) माझ्या घरातील कोणते काम मला दिसेनासे झाले आहे? ते कोण करते?
(२) कोणाचे उपकार बोलून दाखवण्याचे मी उद्यावर टाकले आहे? आज एक पत्र किंवा एक फोन शक्य आहे काय?
(३) ज्यांच्या श्रमावर माझे सुख उभे आहे, त्या कामकऱ्यांची मजुरी मी वेळेवर आणि पुरती देतो काय? (याकोब ५:४)

आज रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत प्रत्येकाने घरातील एका व्यक्तीचे नाव घेऊन, तिने केलेल्या एका गोष्टीबद्दल, ती समोर असताना देवाचे उपकार मानावेत. थोडा संकोच वाटेल. तरी सकाळपर्यंत काही उरवू नये.