बरा झालेला माणूस घरी जातो

मयूर विहार, दिल्ली

चि. सोन्या,



तुझा मेसेज वाचला. फोनवर उरकण्यासारखा विषय नव्हता, म्हणून लिहायला बसले. मंडळीने तुला साक्षींचे रील करायला सांगितलेत, पहिली साक्ष शुगर ‘गेलेल्या’ त्या बाईंची, आणि तुझा हात चालत नाहीये. खाली तू विचारलंयस की चमत्कार खरे असतील तर ते असतात कशासाठी, आणि पप्पांच्या आजारपणात कुठे गेले होते?

आधी कशासाठी ते बोलू. शुभवर्तमानं उघड आणि एवढंच बघत जा की बरा झालेला माणूस पुढे कुठे जातो. कुष्ठरोग्याला याजकाने तपासून शुद्ध ठरवल्याशिवाय गावात घेत नसत. येशू त्याला बरा करतो, याजकाकडे धाडतो आणि वर बजावतो की कुणाला सांगत बसू नकोस. आम्हा नर्सांच्या भाषेत सांगायचं तर हातात डिस्चार्जचा कागद देऊन घरी पाठवतो. कफर्णहूमात छप्पर उस्तरून ज्याला खाली सोडलं, त्याला आधी पापांची क्षमा मिळते आणि मग बाज उचलून घरी जा म्हणून आज्ञा होते. गरसेकरांच्या मुलखातला तो भूतग्रस्त तर नावेत येऊ द्या म्हणून गयावया करतो. प्रचाराला याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा कोण मिळणार? त्यालाही आपल्या माणसांत परत जायला सांगितलं. नाईनच्या विधवेचा मुलगा उठून बसला, तेव्हा त्याला आईच्या हवाली केलं. नवरा आधीच गेलेला, तिला दुसरा आधार नव्हता.

मला सगळ्यात आवडते ती याईराची बारा वर्षांची मुलगी. ती उठते, चालायला लागते, घरचे थक्क होऊन बघत राहतात आणि येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. माझी उमर वॉर्डात गेली, म्हणून सांगते. पेशंट शुद्धीवर आला की नातेवाईक रडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात, कुणी गावाकडे फोन लावतं, आणि त्याचे ओठ कोरडे पडलेत हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. त्या खोलीत ते ज्याच्या ध्यानात आलं, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

देवाच्या राज्यात कुणी गावकुसाबाहेर राहणार नाही, कुणाची आई निराधार होणार नाही, याचा हे चमत्कार नमुना होते. नमुनाच, मेलेल्यांतून उठवलेला लाजरही पुढे कधीतरी मेलाच की. पाच हजारांचं पोट भरल्यावर लोक येशूला राजा करायला निघाले, तर तो एकटाच डोंगरात निघून गेला. हेरोदाला काहीतरी करामत बघायची हौस होती, त्याच्याशी तो एक शब्द बोलला नाही. आणि मंदिराच्या टोकावरून उडी मारून दाखव ही सूचना कुणाची होती, तुला ठाऊक आहे: सैतानाची. आपल्याकडे चंगाईच्या, म्हणजे रोग बरे करण्याच्या, सभा भरवणाऱ्यांना तेवढीच गोष्ट आठवत नाही.

गाझियाबादच्या बाजूला अशा एका चंगाई सभेला मी शेजारणीच्या आग्रहाने गेले होते. एका म्हाताऱ्याला मंचावर नेलं, कुबड्या काढून घेतल्या, चार पावलं चालवलं. टाळ्या, हालेलुया, कॅमेरा. मग पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. म्हातारा मंचामागे दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत होता आणि त्याची मुलगी खुर्च्यांखाली वाकून कुबड्या शोधत होती. तिने काय शोधलं त्याचा रील कुणी केला नाही.

म्हणून मी अश्रद्ध झाले असं समजू नकोस. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनमध्ये आत्मिक संजीवन झालं. रात्री प्रार्थना करताना एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, जवळ गेली तर कुठेच काही पेटलेलं नव्हतं. मी ती हकिकत मानते, आणि त्या बादलीमुळेच जास्त मानते. पण रमाबाईंना नीट ऐकू येत नसे, ते त्यानंतरही सुधारलं नाही. १९२१ मध्ये त्यांची लेक मनोरमा त्यांच्याआधी गेली, पुढच्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. तोवर बायबलाचं भाषांतर, छापखाना, पोरींची शाळा, अंध मुलींचं शिक्षण, काहीच थांबलं नव्हतं. दिल्लीतही मिशनवाल्यांनी १८८५ मध्ये चांदणी चौकात बायकामुलांसाठी दवाखाना काढला, तेच आजचं तीस हजारीचं सेंट स्टीफन्स. प्रार्थना तेही करत होतेच ना!

आता खरंखोटं तपासण्याबद्दल. २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ल्यात वेलंकनी चर्चबाहेरच्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते भांड्यांत भरून नेऊ लागले. दिल्लीचे बुद्धिवादी सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं, तर जवळचं गटार तुंबलेलं आणि पाणी भिंतीतून झिरपत वर चढलेलं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. तो माणूस देव मानत नाही, आपलं त्याचं जमणार नाही, पण त्या दिवशी त्याने भाविकांना गटाराच्या पाण्यापासून वाचवलं. चर्चात त्याचे आभार मानायला हवे होते. कॅथलिक लोक संत ठरवताना निदान आधी डॉक्टरांना बसवतात. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत माइक हातात असला की पुरतं.

तू नोएडात राहतोस, हेही विसरू नकोस. उत्तर प्रदेशात धर्मांतराविरुद्धचा कायदा २०२१ चा आहे, २०२४ मध्ये तो आणखी कडक झाला. बरं करण्याची हमी वाटावी असा रील कुणाच्या हातात पडेल, सांगता येत नाही. पण केवळ पोलिसांच्या भीतीने नाही म्हणू नकोस. खोट्याला भीतीचं कारण देऊन टाळलं की भीती गेल्यावर ते पुन्हा येतं.

राहिले तुझे पप्पा. माझा धाकटा भाऊ तो. मीही गुडघे टेकले होते. ज्यांना प्रार्थनेने बरं वाटलं नाही त्यांचा विश्वास कमी पडला, असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते शास्त्रात नाही. पौलाने स्वतःच्या शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनवणी केली, काटा राहिलाच. त्रफिमाला तो मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. यांच्यापैकी कुणाचा विश्वास कमी होता? का नाही झालं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि ज्याच्याजवळ आहे म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. ज्यांच्याशी भांडण झालं होतं त्या प्रत्येकाला पप्पांनी शेवटच्या महिन्यात बोलावून घेतलं, तुझ्या काकांनाही. त्या गोष्टीला मी काय म्हणते ते भेटल्यावर सांगेन.

त्या बाईंचा रील करू नकोस. पाळकसाहेबांना तूच जाऊन सांग, व्हॉट्सॅपवर नको, आणि चारचौघांतही नको. बाईंना मात्र आधी भेट. इन्सुलिन बंद केलंय का एवढं विचार. बंद केलं असेल तर लगेच त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, रविवारची वाट बघू नकोस. त्या घाबरतील, मंडळीत नाव खराब होईल म्हणतील. तर म्हण की माझी आत्या नर्स होती, ती सोबत येते. मी येईनही. ब्लू लाइनने तुझ्याकडे यायला मला फार वेळ लागत नाही. त्यांची जुनी फाइल आणि तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट तेवढा मागून ठेव.

तुझी,
आत्या